हळदीच्या आदल्या दिवशी लेकीची नखं

बाई,

उद्या माझ्या लेकीची हळद आहे आणि मला तिचे हात बघवत नाहीत. हे कुणाला सांगावं म्हणून कालपासून माणसं आठवत बसलेय, तर तुमच्याशिवाय, माझ्या शाळेतल्या बाईंशिवाय, दुसरं कुणी सुचेना. तुम्हाला जाऊन पंधरा-सोळा वर्षं झाली असतील, तरी लिहिते. पार्लरचं शटर अर्ध्यावर ओढलंय, बाहेर 'आज बंद' अशी पाटी लावलीय. समोर टेबलावर जेलच्या बाटल्या, खोट्या नखांच्या टिप्सचा डबा, घासायच्या पट्ट्या, जेल सुकवायचा निळा दिवा सगळं मांडून ठेवलंय. चार वाजता ती येणार आहे. संध्याकाळी घरी मेंदीवाली येईल, त्याच्या आधी मला तिची नखं करून द्यायचीत. या मंचरात आणि आजूबाजूच्या गावांत कितीतरी पोरी माझ्याकडून हात करून घेऊन बोहल्यावर चढल्या. आज माझ्या घरची वेळ आली तर मला एक बाटली उघडवत नाही.

ती पुण्याहून आली ती लग्नाची रजा टाकून. मी हौसेनं पिठलं-भाकरी केली, तिला आवडतं तसं हिरव्या मिरचीचं, झणझणीत. तिनं चमचा मागितला. पिठल्याला चमचा. मी म्हटलं, लागलं का पुण्याचं वारं, आणि हसले पण. तिचे वडीलही हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती चहाचा कप दोन्ही हातांत धरून उंबऱ्यात बसली होती, ऊन पडलं होतं, आणि मला तिची बोटं दिसली. बाई, नखं नव्हतीच. होती ती पार मुळापर्यंत खाल्लेली, कडेची कातडी सोललेली, दोन बोटांवर रक्त सुकून काळं झालेलं. मी चमच्याला हसले होते. तिखट झोंबत होतं पोरीला, म्हणून चमचा. एवढं मला कळू नये? मला, जिचं अख्खं पोट लोकांच्या नखांवर चालतं?

मी हात धरायला गेले तर तिनं कप दुसऱ्या हातात घेतला आणि म्हणाली, "अगं, कामाचं टेन्शन होतं. तू एक्स्टेंशन लावून दे ना. लांब लाव, कुणाला कळणार नाही असं." मी म्हटलं, हळद झाल्यावर लावू. तुम्हाला हे माहीत असायचं कारण नाही, पण लग्नाच्या नखांचं आता सगळं वेळापत्रक असतं. पायांचं आधी करायचं, टाचा मऊ झाल्या की जोडवी घालताना पाय चांगला दिसतो. हातांचं मेंदीच्या आधी, कारण नंतर हात गरम पाण्यात बुडवले की मेंदीचा रंग उतरतो. आणि फिकट जेल असेल तर ते हळद धुतल्यावर, नाहीतर पिवळं पडतं आणि मग फोटोत तेच दिसतं. पोरी महिनाभर आधी मोबाईलवर फोटो पाठवतात. कुणाला अनामिकेच्या नखावर नथ काढून हवी असते, कुणाला पैठणीचा मोर, कुणाला हिरव्या चुड्याला मॅच होणारा हिरवा आणि त्यावर सोन्याची रेघ. एका नखावर नवऱ्याच्या नावाचं अक्षर, हे तर हमखास. आता नवरदेवही येतात, कोपऱ्यात बसून गुपचूप हात करून घेतात आणि 'चमक नको मारू ताई' म्हणतात. पिवळी पडतील या भीतीनं नवऱ्या माझा जीव खातात. माझी लेक काय म्हणाली? "पडू दे पिवळी. झाकली म्हणजे झालं." रंग कुठला, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

तुमचा सोमवार आठवतो. निरगुडसरची आपली शाळा, प्रार्थना संपली की रांगेत हात पुढं करून उभं राहायचं, तळवे खाली, आणि तुम्ही एका टोकापासून येणार, हातात लाकडी पट्टी. मळ दिसला की पट्टी. नखं स्वच्छ असली की म्हणायचात, "पास." बाकी काही नाही, नुसतं पास, आणि पुढच्या पोराकडं. मी चौथीत होते. माझ्या हाताला मळ नव्हता, कारण मळ धरायला नखंच नव्हती. मी डोळे मिटून पट्टीची वाट बघत उभी. पट्टी बसली नाही. तुम्ही माझा हात हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, आणि नुसता धरून ठेवला. रांग थांबली, मागची पोरं पुढं वाकून बघायला लागली. मग तुम्ही पास पण म्हणाला नाहीत आणि नापास पण म्हणाला नाहीत. दुपारच्या सुट्टीत म्हणालात, "शाळा सुटल्यावर माझ्या खोलीवर ये. वाटाणे सोलायचेत."

तुमची ती भाड्याची खोली, स्वयंपाकाचा कोपरा, स्टोव्ह, भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली चुरगळलेली झेंडूची फुलं. मी वाटाणे सोलतेय आणि तुम्ही भाकरी थापताय. बोट सालीच्या कडेला घासलं की कळ जातेय, पण मी हूं की चूं करत नाही. तुम्ही विचारत नाही. दुसऱ्या दिवशी मेथी निवडायला बोलावलंत, तिसऱ्या दिवशी लसूण, आणि लसूण सोलताना माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तेव्हा तुम्ही पिठाचा हात तसाच ठेवून विचारलंत, "लसणानं, का दुसऱ्या कशानं? काही सांगायचं राहिलंय का बाळ?" नख का खातेस, हे नाही विचारलंत. ते सगळेच विचारायचे, आणि विचारता विचारता हातावर फटका पण द्यायचे. तुमच्या प्रश्नावर मी ओरडून रडले. म्हटलं, आई कुठं गेलीय ते मला कुणी सांगत नाही. घरात म्हणायचे, मामाकडं गेलीय, कांदे काढायला. कांदे काढून कधीच झाले होते. मला दिसत होतं ना शिवारात.

घरी गेले तर आजीनं विचारलं, "त्या बाईकडं पानी पेलीस का?" मी म्हटलं, दोन तांबे. आजी आठवडाभर माझ्याशी नीट बोलली नाही. आणि त्या रविवारी तुम्हीच आमच्या दारात आलात. तुम्हाला खाट टाकली नाही, पाणी विचारलं नाही, हे मी दाराआडून बघत होते. तुम्ही उभ्याउभ्या माझ्या वडिलांना म्हणालात, "पोरीला खरं सांगा. तिची आई रुसून गेलीय का कायमची गेलीय, जे असेल ते सांगा. ती स्वतःला कुरतडतेय." वडील वर बघेनात. पण दुसऱ्या दिवशी मला एस.टी.त घालून ओतूरला मामाकडं घेऊन गेले. आईनं माझे हात बघितले, आत गेली आणि पिशवी भरून बाहेर आली. त्यानंतर कधीतरी तुम्ही मला नेलकटर दिलंत. तोवर आमच्या घरात नखं ब्लेडनं कापायचे. म्हणालात, "नखं वाढली की याच्यानं काप. आणि सोमवारी आता तपासायचं काम तुझं." मी रांगेतून पट्टी घेऊन फिरायला लागले. ते नेलकटर अजून माझ्या गल्ल्यात आहे, गंजलंय, कापत नाही, पण टाकवत नाही.

बाई, एक गोष्ट मोठी झाल्यावर डोक्यात आली आणि ती जात नाही. आई परत आली ती माझी नखं बघून. तिला यायचं होतं का, हे कुणी विचारलं नाही. मामानं नाही, वडिलांनी नाही, मी तर लहानच होते. ती आली, घरात वावरली, आम्हाला वाढवलं, पण हसायची ती फक्त ओतूरचं कुणी माणूस आलं तर. तुम्हाला मी दोष देत नाही, तुमच्यामुळं मला आई मिळाली. पण माझ्या पोरीचे हात बघितल्यापासून मला आईची ती पिशवी दिसतेय. बाई माणूस दुसऱ्यासाठी 'हो' म्हणते तेव्हा किती पटकन आवरून निघते.

तुम्ही पार्लरमध्ये आलात तो दिवसही आठवतो. तुम्ही रिटायर झाला होतात, अंगठ्याचं नख आत वाढून पाय सुजला होता, आणि मी नवीनच दुकान मांडलं होतं. तुमचा पाय टबात होता आणि शेजारच्या खुर्चीवर एक नवरी. तिच्या पायाचं नख काळंनिळं पडलेलं. मला घाई, मी मरून रंगाचे दोन हात मारले आणि डाग गायब. खूष झाले होते मी. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "कशानं झालं ते विचारलंस का तिला?" मी म्हटलं, बाई, लग्न आहे तिचं, आता काय विचारायचं. तुम्ही म्हणालात, "रंग लावायच्या आधी विचारत जा. नंतर कुणी सांगत नाही." मला राग आला होता. माझ्या दुकानात येऊन माझ्याच गिऱ्हाईकापुढं. पण त्या दिवसापासून मी विचारते. गॅसचा डबा पडला, गाडीवरून घसरले, ढेकळात ठेचलं, कुणी काही सांगतं, कुणी नुसतं बघतं. तुम्ही निघालात तेव्हा माझी पोर खुर्चीखाली नेलपेंटच्या रिकाम्या बाटल्या मांडून खेळत होती, तिचा हात तुम्ही पुढं घेतलात, दहाही बोटं बघितलीत आणि म्हणालात, "पास." ती किती दिवस घरात सगळ्यांना पास-पास म्हणत फिरत होती.

आता कालचं सांगते. काल विहीणबाई आल्या होत्या. आळेफाट्याला त्यांचं हॉटेल आहे, हायवेच्या कडेला, ट्रकवाले, एस.टी.चे लोक, सगळे थांबतात. मीच हौसेनं आमंत्रण दिलं होतं, की लग्नाआधी एकदा या, पाय करून देते, मांडवात चारचौघांत विहिणीचे पाय धुवायचेच आहेत, त्याच्या आधी माझ्या हातचे धुऊन घ्या. त्या मोकळ्या स्वभावाच्या. आल्या, खुर्चीत बसल्या, पाय टबात सोडले आणि म्हणाल्या, "लई बरं वाटतंय ओ. जन्मात कुनी माजे पाय धरले नाय." टाचा बघितल्या तर भेगांत अक्षरशः करंगळी जाईल. सकाळी अंधारात भट्टी पेटवल्यापासून उभ्या असतात. मी वजरीनं घासत होते, त्या डोळे मिटून बोलत होत्या. वाईट बाई नाहीत त्या. मला त्यांची टाच हातात घेऊन कणव आली, खरं सांगते.

आणि मग म्हणाल्या, "आता तुमची पोर आली की मी गल्ल्यावरून उठनार. कॉम्प्युटर शिकलेली हाय, हिशोब, आर्डरी, समदं तीच बघंल. पुन्याची ती रोजची दगदग बंद."

माझा हात थांबला. मी म्हटलं, "पण नोकरी चालू ठेवायची असं ठरलं होतं ना? सुपारी फोडली तेव्हा चार माणसांत बोलणं झालं होतं. जावईबापू पण पुण्यात राहतो म्हणाले होते."

"ते तवाचं," विहीणबाई म्हणाल्या. "साखरपुड्यानंतर पोरापोरींनी आपसात ठरवलं. तुमाला सांगितलं नाय व्हय तिनं? मी सोता दोनदा इचारलं तिला फोनवर. दोन्ही टायमाला हो म्हनली. लई गुणी पोर हाय. लगीन झालं की राजीनामा टाकनारे."

बाई, त्यांचा पाय माझ्या मांडीवर होता. मी मुलीची आई, खाली स्टुलावर. पाय धरलेल्या माणसानं वर बघून काय बोलायचं? माझ्या धंद्याची सवय अशी की गिऱ्हाईकाचा पाय पाण्यात असताना मन दुखवेल असं काही बोलायचं नाही, ते पाणीसुद्धा मग थंड होतं. मी नुसतं "हो का" म्हटलं आणि दुसरी टाच घेतली. क्रीम लावली, बोटं ओढली, नखांना त्यांना आवडतो तसा डाळिंबी रंग लावला. त्या जाताना माझ्या गालाला हात लावून गेल्या. मी शटर धरून उभी राहिले.

अवसरीच्या इंजिनीअरिंग कॉलेजात जाताना ही पोर सकाळी डबा घेऊन रस्त्याला उभी राहायची, एस.टी. आली नाही तर कुणाच्याही टेम्पोत बसायची. चार वर्षं. नोकरी लागली तेव्हा पहिल्या दिवशीचा गळ्यातल्या ओळखपत्राचा फोटो मला पाठवला, खाली लिहिलं, 'आई, पास.' ती पोर हो म्हणाली? दोनदा? हो म्हणाली म्हणूनच तिची नखं गेली, एवढं मला कळतं. का म्हणाली, तेही कळतं, आणि त्यानंच जीव जातोय माझा. स्थळ आलं तेव्हा आम्ही दोघं किती खूष झालो ते तिनं बघितलं होतं. आता पत्रिका वाटून झाल्यात, हॉल घेतलाय, पाहुणे यायला लागलेत, आणि ती आमच्या तोंडाकडं बघून गप्प आहे.

घरी जाऊन तिच्या वडिलांना सांगितलं. ते दारातल्या मांडवाचे बांबू मोजत होते. म्हणाले, "आगं समद्याच पोरी घाबरत्यात. तू नव्हती का रडत? आता काय इचारतीस तिला? आन् ती नाय म्हनली तर काय करनारेस? सांग की." बाई, खरंच, काय करणार आहे मी? ती नाही म्हणाली तर उद्या दारात हळकुंडं कुटायला बसलेल्या बायकांना काय सांगू? विहीणबाईंना काय सांगू, ज्यांच्या टाचा मी काल पोटच्या पोरीसारख्या चोळल्या? आणि विचारलंच नाही, तर? आज तिच्या त्या सोललेल्या बोटांवर मी लांब, गुळगुळीत, नथ काढलेली नखं बसवणार. एवढ्या खाल्लेल्या नखावर जेल बसतच नाही नीट, मांसावर उतरतं, दिव्याखाली धरलं की आग होते. ती ओठ दाबून बसणार. मी फुंकर घालणार. आणि मग सगळे म्हणणार, काय सुंदर हात, आईनं केलेत. दुसऱ्या कुणाच्या पोरीसाठी मी हे केलं नसतं. हात परत पाठवले असते, की आधी ही जखम भरू दे. माझ्या पोरीचे हात परत पाठवायला मला दार सापडत नाहीये. तुम्ही असता तर खोलीवर आले असते. लसूण सोलत बसले असते.

जिन्यात तिच्या चपला वाजल्या. ठेवते.

पेन पुन्हा हातात घेतलंय. बाहेर अजून उजेड आहे.

ती आली, खुर्चीत बसली आणि शिकवल्यासारखे दोन्ही हात टेबलावर पुढं केले, तळवे खाली. मी दिवा लावला नाही. डबा उघडला नाही. तिचा उजवा हात दोन्ही हातांत घेतला आणि धरून ठेवला. ती वाट बघत राहिली. मग म्हणाली, "चालू कर ना, मेंदीवाली येईल." मी हात सोडला नाही. ती म्हणाली, "आई, असं काय बघतेस?" मी तुमचाच प्रश्न विचारला, बाई, मला दुसरा येत नाही. म्हटलं, "काही सांगायचं राहिलंय का बाळ?"

तिनं दुसरा हात टेबलावरून मागं घेतला. मग हसल्यासारखं करून म्हणाली, "मला वाटलं, रंग कुठला ते विचारशील." आणि टेबलावर डोकं ठेवून अशी रडली की बाटल्या हलल्या. मी तिच्या केसांवर हात ठेवून बसले. बऱ्याच वेळानं म्हणाली, "तुम्ही दोघं इतके खूष होता. मी म्हटलं, आता एवढ्यासाठी काय मोडायचं. मग त्याची आई इतकी गोड बोलते ना, नाहीच म्हणता येत नाही तिला." मी विचारलं, "लग्न नको आहे का तुला?" तेव्हा तिनं डोकं वर केलं. "तो नको नाही गं. ते हॉटेल नको. गल्ल्यावर बसून मी मरून जाईन. मला माझं काम सोडायचं नाही. बाकी मला काही कळत नाहीये, पण एवढं माहिती आहे." मी म्हटलं, "हे त्याला सांगितलंस?" ती म्हणाली, "त्याला वाटतंय मी खुशीनं हो म्हणाले." मी म्हटलं, "मग आज सांग. हळदीच्या आधी सांग. त्यांनाही कळू दे कुणाला घरात नेतायत ते." ती घाबरून म्हणाली, "आणि मोडलं तर?"

बाई, मला वाटलं, आत्ता जर मी 'नाही मोडणार गं' म्हटलं तर ते खोटं होईल, आणि ती ते ऐकून परत हात पुढं करील. मी म्हटलं, "मोडलं तर मोडलं. मांडवाचे बांबू तुझे बाबा परत मोजतील."

ती रडता रडता फस्सकन हसली. मग जिन्यात जाऊन फोन लावला. मी आतून ऐकत नव्हते असं म्हणणार नाही, पण ऐकू आलं नाही. परत आली ती पांढरीफटक पडून. म्हणाली, "येतायत. तो आणि त्याची आई पण. तो म्हणाला, हे आत्ता सांगतेस?" मी म्हटलं, "मग तू काय म्हणालीस?" ती म्हणाली, "म्हटलं, हो, आत्ताच." तिच्या वडिलांना फोन मी केला. ते म्हणाले, "येतो. दूध घेऊन येतो, च्या लागंल समद्यांना." मेंदीवालीला थांब म्हणून कळवलं. तिनं का विचारलं, मी म्हटलं, नखं राहिलीत.

आता लेक आत मोरीत तोंड धुतेय. मी तिच्या बोटांना नुसतं खोबरेल लावून दिलंय, दुसरं काही नाही. तशाच उघड्या हातांनी ती त्यांच्यासमोर बसणार आहे, मी शेजारी बसणार आहे, पण बोलायचं तिनं. आळेफाट्यावरून गाडीला वेळ लागत नाही, येतीलच. विहीणबाई त्याच खुर्चीत बसतील, कालच्या डाळिंबी नखांनी. त्या काय म्हणतील, उद्या हळद दळायची का गुंडाळून ठेवायची, मला काही माहीत नाही.

हे पत्र तुमच्या नेलकटरखाली ठेवते, गल्ल्यात. दुसरं कुठं टाकणार. आणि बाई, लिहिता लिहिता मघापासून माझ्या डाव्या अंगठ्याचं नख पार गेलंय. आज सोमवार असता तर तुम्ही मला पास केलं नसतं.